चांद्याचा कोळसा पट्टा : आधी वर पाहा, मग पाय टाका

नागपूरहून बल्लारशाची गाडी धरली, की बराच वेळ खिडकीबाहेर आपल्या ओळखीचेच सारे दिसते. काळी जमीन, कपाशी, तूर, सोयाबीन, बांधावर बाभळी. हिंगणघाट मागे पडते, वरोरा येते. पुढे माजरी आणि भांदकच्या बाजूला दूरवर टेकड्या दिसू लागतात. नवख्या माणसाला त्या डोंगरच वाटतात. पण ते माणसांनी रचलेले डोंगर आहेत. उघड्या खाणीतून कोळसा काढायचा तर आधी वरची माती आणि दगड बाजूला करावे लागतात, त्याचे हे ढिगारे. कधीकाळी त्या मातीतही कापूस पिकत होता.

वाचकहो, या भागात आपल्यापैकी अनेकजण जाऊन आला असाल. चंद्रपूरच्या महाकालीची चैत्रातली यात्रा मोठी. थेट मराठवाड्यातूनही बायामाणसे देवीला येतात. गोंड राजांनी बांधलेला परकोट अजून गावाभोवती उभा आहे. एका अंगाला इरई, दुसऱ्या अंगाला झरपट. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. हे वरचे चंद्रपूर सर्वांनी पाहिलेले असते. त्याच्या खालचे चंद्रपूर मात्र फार थोड्यांनी पाहिले आहे. देवीला जाताना आपण ज्या जमिनीवरून चालतो, तशाच जमिनीखाली या पट्ट्यात माणसे वर्षानुवर्षे दगडाच्या छताखाली कोळसा काढत आली. त्या छताविषयी आणि त्याखाली उभ्या राहणाऱ्या माणसाविषयी आज सांगायचे आहे. कारण तो माणूस बहुतेक वेळा शेतकऱ्याच्याच घरातला असतो.

जमिनीखालचे गाव

वर्धा नदीच्या खोऱ्यातला हा कोळसा पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांचा आहे. झाडे दलदलीत पडली, त्यांवर वाळू-गाळाचे थर बसले, दाबाने आणि उष्णतेने लाकडाचा कोळसा झाला आणि वाळूचा दगड झाला. या खडकांना जगभर गोंडवाना म्हणतात. गोंडांच्या मुलखावरून पडलेले हे नाव आज जगातल्या सगळ्या भूगर्भशास्त्रज्ञांच्या तोंडी आहे, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही.

वरोऱ्याला इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकातच कोळशाची खाण चालवली होती. ती १९०६ साली बंद झाली. पुढे बल्लारपूर, चंद्रपूर, घुग्गुस, राजुरा, वणी या भागांत खाणी निघाल्या. १९७३ साली देशातल्या कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले आणि १९७५ साली नागपूर हे मुख्य ठिकाण असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. आज या पट्ट्यातला बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून निघतो. भूमिगत खाणी पूर्वीपेक्षा कमी उरल्या आहेत. पण जिथे त्या चालतात, तिथे माणूस अजूनही डोक्यावर दगड घेऊनच काम करतो.

बल्लारपूर-घुग्गुसच्या वस्त्यांमध्ये फिरलात तर एका गल्लीत तेलुगू ऐकू येईल, दुसरीत छत्तीसगढी, तिसरीत भोजपुरी. त्यांच्या जोडीला आपली मराठी माणसे. त्यांतले कितीतरी एकेकाळचे शेतकरी. खाणीसाठी शेत गेले, त्याच्या बदल्यात मोबदला मिळाला आणि घरातल्या एका मुलाला नोकरी. विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव हिंडताना मी अशी घरे पाहिली आहेत. ओसरीवर नांगर टेकवलेला असतो, पण आता नांगरायला शेत नसते. मुलाला पगार चांगला असतो, दाराशी मोटारसायकल असते. मात्र आईला विचारावे, ‘‘मुलगा काय काम करतो?’’ तर ती म्हणते, ‘‘खाणीत आहे जी.’’ खाणीत म्हणजे कुठे, काय करतो, डोक्यावर काय असते, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

खाली गेल्यावर

चंद्रपूरजवळची एक जुनी भूमिगत खाण मला परवानगी घेऊन आतून पाहायला मिळाली. वर कार्यालयात नाव लिहून घेतले. बिडी, काडीपेटी, मोबाईल, सगळे काढून ठेवायला लावले. डोक्यावर टणक टोपी, तिच्यावर दिवा, कमरेला त्या दिव्याची बॅटरी आणि विषारी वायूपासून वाचवणारा डबा. मग उतरता बोगदा सुरू झाला. कामगार त्याला इनक्लाईन म्हणतात. शंभर पावलांत उजेड संपला. पुढे फक्त दिव्याच्या झोताएवढेच जग.

आतले बांधकाम समजायला सोपे आहे. कोळशाच्या थरात गावातल्या गल्ल्यांसारखे उभे-आडवे रस्ते खणतात. त्यांना गॅलरी म्हणतात. रुंदी साधारण चार-साडेचार मीटर, उंची तीन मीटरच्या आत. चार गल्ल्यांच्या मध्ये कोळशाचा जो चौकोन राहतो, तो खांब. या खांबांवर वरचा सारा डोंगर तोललेला असतो. पुढे एखादा भाग संपवायचा ठरला, की शेवटी ते खांबही काढत माघारी येतात आणि मागचे छत मुद्दाम कोसळू देतात. त्या कोसळलेल्या भागाला गोफ म्हणतात. खांब काढण्याचे काम सर्वांत जोखमीचे.

आमच्याबरोबर एक वयस्क सिरदार होते. सिरदार म्हणजे आपल्या टोळीची आणि आपल्या भागातल्या छताची रोज तपासणी करणारा, परीक्षा देऊन सनद मिळवलेला माणूस. हातात लांब काठी, टोकाला लोखंड. मी पुढे पाऊल टाकणार एवढ्यात त्यांनी काठी आडवी धरली.

‘‘साहेब, आधी वर पाहा जी, मंग पाय टाका. इथं खाली पाहून चालणारा माणूस जास्त दिवस चालत नाही.’’

मग त्यांनी डावा तळहात छताला लावला आणि उजव्या हातातल्या काठीने शेजारी ठोकले. टण् असा आवाज आला. ‘‘हे छत चांगलं आहे.’’ चार पावलांवर पुन्हा ठोकले. या वेळी आवाज बद्द आला आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तळहाताला थरथर जाणवली. ‘‘हे सुटलं आहे. वरून बरोबर दिसते, पण आतून थर वेगळा झाला.’’

बाजारात मडके घेताना आपल्या घरच्या बायका बोटाने वाजवून पाहतात. खणखणीत वाजले तर घ्यायचे, बद्द वाजले तर तडा आहे असे समजायचे. तीच ही परीक्षा. फरक एवढाच, की इथे चुकीचे मडके घरी आले तर दोन-चारशे रुपये जात नाहीत, माणूस जातो.

छत का कोसळते?

जमिनीखालचा दगड हा एकसंध शिळा नसतो. भाकऱ्यांची चवड असावी तसे थरावर थर असतात. कोठे वाळूचा दगड, कोठे पापुद्र्याचा चिकणदगड, मध्येच कोळशाची पातळ पट्टी. खालचा कोळसा काढला, की सर्वांत खालच्या थराचा आधार जातो. तो थोडा खाली झुकतो आणि वरच्या थरापासून सुटू लागतो. त्यात पाणी झिरपले, हवेतला दमटपणा लागला, सुरुंगाचा हादरा बसला किंवा दगडात आधीच तिरपी भेग असली, तर तो थर अचानक निखळतो. काही वेळा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडाचे खोड दगड होऊन छतात अडकलेले असते. त्याच्या भोवतीची साल कोळसा झालेली असते आणि तिची पकड नसते. असे खोड काही इशारा न देता उखळासारखे खाली येते.

आता वजनाचा हिशेब करा. वाळूचा दगड घनमीटरला सुमारे चोवीस क्विंटल भरतो. लांबी-रुंदी एकेक मीटर आणि जाडी फक्त वीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून कमी, एवढा तुकडा घेतला तरी त्याचे वजन पावणेपाच क्विंटल होते. सोयाबीनची शंभर किलोची पाच पोती एकदम दोन-अडीच मीटरवरून अंगावर यावीत, तसा तो मार. डोक्यावरची टोपी लहान खडा अडवते. या लादीपुढे तिचा उपयोग नाही.

सर्वांत धोक्याची जागा म्हणजे कामाचे तोंड. सुरुंग उडाला, कोळसा पडला, नवे छत उघडे झाले आणि त्याला अजून आधार दिलेला नाही, ती वेळ. छताला त्या क्षणी कोणीही धरलेले नसते. नियम असा, की आधी सुटलेले दगड लांब पहारीने, स्वतः पक्क्या छताखाली उभे राहून, पाडून घ्यायचे. मग आधार द्यायचा. त्यानंतरच भरणाऱ्यांनी पुढे जायचे. पण पाळी संपत आलेली असते, टब भरायचे असतात. ‘‘दोन मिनिटांचे तर काम आहे’’ असे म्हणून एखादा पुढे सरकतो. ते ‘दोन मिनिटे’ हे शब्द सिरदारांनी मला तीनदा ऐकवले.

लाकडी खांबापासून लोखंडी टाक्यापर्यंत

जुन्या काळी आधार म्हणजे लाकूड. सालाचे खांब, त्यांवर आडवी फळी आणि जिथे भार जास्त तिथे ओंडके आडवे-उभे रचून केलेली चौकट. जुने कामगार लाकडाला फार मानतात. ते म्हणतात, लाकूड बोलते. भार वाढला की आधी कुरकुरते, मग कडकडते, सालपटे निघतात आणि माणसाला पळायला वेळ मिळतो.

नंतर छतबोल्ट आले. छतात सुमारे दीड मीटर खोल छिद्र पाडतात, त्यात सिमेंटची किंवा राळेसारख्या रसायनाची कांडी सारतात, मग लोखंडी सळई बसवतात आणि खालून पत्रा व नट घट्ट आवळतात. ठरावीक अंतरावर अशा सळयांच्या ओळी बसवल्या, की सुटे थर एकमेकांना बांधले जातात. आपली आजी गोधडी शिवायची ते आठवा. जुन्या लुगड्यांचे सुटे थर एकावर एक ठेवले तर ते सरकतात, पण टाके घातले की सगळे मिळून एक जाड वस्त्र होते. छतबोल्ट म्हणजे दगडाला घातलेले टाके. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या तज्ज्ञ गटाने १९९० साली छताच्या आधाराविषयी मार्गदर्शन केले, त्यानंतर आपल्याकडे ही पद्धत जोमाने पसरली. कोळसा खाणींचे १९५७ चे नियम बदलून २०१७ साली नवे नियमही आले.

मात्र टाका वेळेवर घातला तरच गोधडी टिकते. सळई उशिरा बसवली, अंतर वाढवले, कांडी नीट भरली नाही, तर लोखंड असून नसल्यासारखे. म्हणून बोल्ट ओढून त्याची पकड तपासण्याची पद्धत आहे.

एकेकट्याचे मरण

२७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसले आणि ३७५ माणसे गेली. सारा देश हादरला. ते नाव आजही लोकांच्या लक्षात आहे. छत कोसळण्याचे तसे नसते. ते एकाला घेते, दोघांना घेते. वर्तमानपत्रात चार ओळी येतात आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जातात. पण भूमिगत कोळसा खाणींतला वर्षानुवर्षांचा हिशेब मांडला, तर छत आणि बाजू कोसळून गेलेल्यांची रांग फार लांब आहे.

अलीकडचेच पाहा. २०२५ च्या जानेवारीत भंडारा जिल्ह्यातल्या चिखला येथील मँगनीजच्या भूमिगत खाणीत छत कोसळून दोन कामगार गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या सीमेपलीकडे बैतूल जिल्ह्यात पाथाखेडा भागातल्या कोळसा खाणीत छत कोसळून तिघे गेले. यंत्रे आली, बोल्ट आले, तरी दगडाचा स्वभाव बदललेला नाही.

जे वाचतात त्यांचीही कथा सोपी नसते. लहान तुकड्याने बोटे, पाऊल, खांदा जातो. वाकून काम करणाऱ्याच्या पाठीवर लादी आली तर मणका मोडतो आणि कमरेखालचे अंग कायमचे लुळे पडू शकते. तिशीतला गडी खाटेवर येतो. मग त्याची बायको रोजाला जाते, म्हातारा बाप पुन्हा कोणाच्या तरी वावरात उभा राहतो आणि मुलांची शाळा मागे पडते. शेत तर आधीच गेलेले असते.

घरच्यांनी काय करावे?

घरबसल्या आपण काय करणार, असे तुम्हाला वाटेल. बरेच करता येते.

मुलगा खाणीत असेल तर त्याच्या कामाची नीट विचारपूस करा. पाऊस कसा झाला हे आपण रोज विचारतो, तसे ‘‘आज छत कसं होतं?’’ हेही विचारा. घरात हा विषय निघू लागला, की त्याच्याही मनात तो राहतो. रात्रभर लग्नाला किंवा नाटकाला जागलेल्या माणसाला सकाळी खाली पाठवू नका. झोपेने जड झालेल्या माणसाला छताची कुरकुर ऐकू येत नाही. जादा पाळीच्या पैशासाठी घरून तगादा लावू नका. नवीन कामगाराला कामावर घेण्यापूर्वी प्रशिक्षण द्यावे, असा नियम १९६६ पासून चालत आला आहे. ते टाळून कोणी थेट खाली पाठवत असेल, तर आपला मुलगा पाठवू नका.

छत वाईट दिसले तर माणसे मागे घेणे आणि ती जागा अडवून बंद करणे, हे सिरदाराचे कामच आहे. अशा वेळी मागे येणारा मुलगा भित्रा नसतो. त्याला गावात कोणी हसत असेल, तर हसणाऱ्याला गप्प करा.

ठेकेदाराकडे असलेल्यांनी आपले नाव हजेरीत रोज लागते की नाही, हे पाहावे. दुर्दैवाने काही घडले तर भरपाईच्या वेळी हजेरी, पगाराची चिठ्ठी, अपघाताची नोंद आणि दवाखान्याचे कागद हेच उपयोगी पडतात. ते पेटीत जपून ठेवा.

आपल्या शिवारातले छत

ज्यांचे कोणी खाणीत नाही, त्यांनीही पान उलटू नये. आपल्या शिवारातही अशीच जागा असते. ती म्हणजे खोदायला घेतलेली विहीर.

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्याखाली मुरूम, त्याखाली सुटा दगड. विहीर खोदताना निघालेला माती-मुरूम अगदी काठावर टाकला, तर त्याच्या भाराने कड आत येते. तो ढीग दूर टाका. वरचा मातीचा भाग बांधून घेतल्याशिवाय फार खोल जाऊ नका. सुरुंगानंतर लगेच खाली उतरू नका. आधी वरून पाहा आणि सुटे दगड पहारीने पाडून घ्या. रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी कडेला नवी भेग दिसते का, ते तपासा. खाली माणूस असताना वर काठाजवळ बैल, ट्रॅक्टर किंवा बघ्यांची गर्दी नको.

बायांनाही एक सांगणे आहे. सणापूर्वी घर पोतारायला पांढरी माती आणायला आपण जातो. चांगली माती खाली असते म्हणून कड खालून पोखरत आत जातो आणि वरची दरड तशीच लोंबत राहते. हे खाणीचेच छत झाले, तेही बिनआधाराचे. माती वरून, उताराने काढा. गुहा करू नका आणि मुलांना तिथे खेळू देऊ नका.

कोणी दबलाच, तर धावत जाऊन स्वतः त्याच कडेखाली उभे राहू नका. पहिल्यामागे दुसरी दरड येते आणि वाचवणाराही जातो. आधी वरची कड पाहा, आधार द्या, मग माती हाताने काढा. आधी तोंड आणि छाती मोकळी करा. हातपाय धरून ओढू नका. मणका मोडला असेल तर ओढण्याने जन्माचे नुकसान होते. फळीवर, दारावर किंवा खाटेवर सरळ निजवून न्या. उठवून बसवू नका. १०८ वर फोन करा. जड दगडाखाली बराच वेळ अडकलेला असेल, तर किती वेळ अडकला होता ते डॉक्टरांना पहिल्याप्रथम सांगा. कारण दाबलेल्या अंगातले विष मोकळे झाल्यावर रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांना अपाय करते. वरून धड दिसणारा माणूसही त्यामुळे दगावू शकतो.

पुढच्या चैत्रात महाकालीला जाल तेव्हा गाडीतून ते काळे ढिगारे जरूर पाहा. तुमच्या घरातला दिवा, मोटारपंप आणि पिठाची गिरणी ज्या विजेवर चालते, तिच्यातली बरीचशी या कोळशातून निघते. तो काढणारी माणसे परकी नाहीत. आपल्यासारखीच मातीवर विश्वास ठेवून वाढलेली आहेत. आपण शेतकरी खाली जमिनीकडे पाहून चालतो, तीच आपली सवय. विहिरीत उतरताना आणि खाणीत जाताना मात्र ती बदलायला हवी. आधी वर पाहायचे, आधार द्यायचा आणि मगच पाय टाकायचा, एवढे आपल्या मुलांना आजच संध्याकाळी जेवताना सांगा.